थ्री नॉट थ्रीची पाठचिकित्सा

मराठीच्या अध्यापकाने बंदुकीवर लिहावे ही थोडी अनधिकार चेष्टाच आहे, हे आधीच कबूल करतो. पदव्युत्तर वर्गाला मी गेली काही वर्षे पाठचिकित्सा शिकवतो. पोथ्यांच्या पिढ्या, लेखनिकांचे हस्तदोष, प्रक्षेप, पाठभेद असा तो सगळा मामला. विद्यार्थ्यांना हा पेपर रुक्ष वाटतो आणि खरे सांगायचे तर अलीकडे तो मलाही रुक्ष वाटू लागला होता. तो पुन्हा जिवंत झाला तो गेल्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील एका लहानशा गावी, जुन्या लष्करी रायफली विकणाऱ्या एका दुकानात. तिथे काय घडले ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा धाकटा चुलतभाऊ तिकडे राहतो. नोकरीनिमित्त गेला, रमला, यथावकाश तिथला नागरिकही झाला. साथीच्या काळात, २०२१ साली, काका गेले तेव्हा त्याला येता आले नाही. पुढच्याच वर्षी सातारा जिल्ह्यातले आमचे गावचे घर विकले गेले. ‘घरातलं काहीतरी माझ्यासाठी ठेव’ असे त्याने फोनवर सांगितले होते. पण ठेवण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. आजोबांची काळी लष्करी ट्रंकसुद्धा त्याआधीच भंगारात गेली होती. ही गोष्ट मी त्याला बऱ्याच उशिरा सांगितली. तो काही बोलला नाही. महिन्याभराने मात्र त्याचा फोन आला, “दादा, आजोबांकडे होती तसली रायफल इथे मिळते. तू येशील तेव्हाच घेऊ.”

आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत लढले आणि फाळणीच्या आधी घरी परतले. त्यांच्याविषयी आम्हा नातवंडांना ठाऊक असलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता येतील. एक पेन्शनचे पुस्तक. फेटा बांधून स्टुडिओत काढलेले एक छायाचित्र. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसण्यासाठी आमची भांडणे होत. आणि ‘पाने’ हा एक शब्द. इटालियन भाषेत पावाला ‘पाने’ म्हणतात. आजोबा कधी खुशीत असले की आजीकडे भाकरी मागताना ‘पाने आण’ म्हणत. आणि लग्नानंतरची कितीतरी वर्षे तिला वाटत असे की यांना विड्याची पाने हवी आहेत. युद्धाविषयी ते याहून अधिक बोलल्याचे मला स्मरत नाही. सेनिओ नदीकाठचे नामदेव जाधव, टायबरच्या खोऱ्यातले यशवंत घाडगे या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांनी काय केले ते सन्मानपत्रांत लिहिलेले आहे. बाकीच्या हजारोंच्या वाट्याला पेन्शनचे पुस्तक आले. भावाला त्या पुस्तकापलीकडचे काहीतरी हवे होते.

रायफल घेणार होता तो, मी नव्हे. मला घेता येणेही शक्य नव्हते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परकीय माणसाला, काही अपवाद सोडल्यास, बंदूक वा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. त्यामुळे आमच्यात ठरले की हाताळायचे त्याने आणि पाहायचे मी. दुकानात मी हात मागे बांधूनच वावरलो. संग्रहालयात काचेखालची पोथी वाचावी तसे ते वाचन होते. पण तिचे वजन मला अनोळखी नव्हते. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या कवायतीत आम्ही हीच थ्री नॉट थ्री खांद्यावर वागवली होती. आमच्या रायफली कवायतीपुरत्याच होत्या, गोळी झाडण्यास बाद झालेल्या. हवालदारसाहेब नेम धरण्याला ‘शिस्त घेणे’ म्हणत, आणि नळी साफ करण्याच्या कापडाच्या तुकड्याला ‘चिंदी’. आपल्याकडे ही रायफल फार दीर्घायुषी ठरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रे घेऊन आलेल्या हल्लेखोरांपुढे आपल्या काही पोलिसांच्या हाती हीच होती.

भाऊ या विषयात पूर्ण नवखा; पण दोन महिने त्याने कसून अभ्यास केला होता. जुन्या लष्करी रायफलींच्या या बाजारात रशियन मोसिन-नागांत आहे, जर्मन माऊझर आहे, स्विस बनावटीची सरळ ओढायच्या बोल्टची के-३१ आहे, अमेरिकन गारंड आहे. नवख्याने काय पाहावे याविषयी जाणकारांचे साधारण एकमत दिसते: काडतुसे आजही मिळतात का, नळी आतून कशी आहे, बोल्ट त्याच रायफलीचा आहे का आणि लाकूड कुठे तडकले आहे का. पाचवी गोष्टही ते बजावून सांगतात. पैसे वस्तूचे मोजावेत, तिच्यासोबत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीचे मोजू नयेत. भावाने पहिल्या चार वहीत लिहून घेतल्या होत्या. पाचवी त्याने वाचली असणार. पण लिहिली नव्हती.

पहिल्या दुकानात आम्हाला हवी तीच रायफल भिंतीवर टांगलेली होती. नंबर एक, मार्क तीन, पुढे एक तारा. म्हणजे लढाईच्या काळात उत्पादन झटपट व्हावे म्हणून सोपा केलेला प्रकार. लाकूड पॉलिशने चकचकीत केलेले. शेजारी सुबक अक्षरातले एक कार्ड: भारतीय सैन्य, इटलीची मोहीम, १९४४. भावाने ते कार्ड वाचले आणि त्याचा चेहरा बदलला. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. किंमत विचारण्याआधीच त्याने ती रायफल मनाने विकत घेतली होती.

दुकानदार सज्जन होता. बोल्ट उघडून, आत काडतूस नाही हे स्वतः पाहून आणि आम्हाला दाखवून त्याने रायफल मऊ कापडावर ठेवली. मुठीजवळ, बोल्टच्या दांड्याखाली, या रायफलींवर एक धातूची पट्टी असते. कारखाना, साल आणि प्रकार तिथे कोरलेला असतो. पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव आणि शक घालतो, तशीच ही पुष्पिका. मी वाकून पाहिले. मुकुट असायला हवा होता तिथे तीन सिंह होते. खाली आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, आणि साल १९५३.

सिंह कोणते ते दुकानदाराला ठाऊक नव्हते. कोणत्या तरी संस्थानाचे चिन्ह असावे अशी त्याची समजूत होती. मी त्याला सांगितले की ही सारनाथची सिंहमुद्रा आहे. २६ जानेवारी १९५० रोजी ती आमच्या प्रजासत्ताकाची राजमुद्रा झाली. त्यामुळे ही रायफल १९४४ साली इटलीत असणे शक्य नाही. तो क्षणभर गप्प झाला. आधीच्या मालकाने सांगितले तेच आपण लिहिले, असे म्हणाला. ते खरेच असावे. मौखिक परंपरेत कोणीच खोटे बोलत नाही. प्रत्येक जण ऐकलेलेच पुढे सांगत असतो.

गाडीत भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, तुला ते वाचायलाच हवं होतं का?”

मी म्हटले, “अरे, खोटं होतं ते.”

“मला ठाऊक आहे रे. पण मला कुठे पदवी घ्यायची होती त्यात? तू सगळ्याची शुद्धलेखनाची वही तपासतोस.”

त्यानंतर दोन दिवस आमच्यात बेताचेच बोलणे झाले. मी मुद्दाम रागावलो नाही; कारण त्याचे म्हणणे मला लागले होते. आपण संहिता शुद्ध करतो तेव्हा कुणाची तरी श्रद्धेची ओवी प्रक्षिप्त ठरवून तळटीपेत ढकलत असतो. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोथ्या ताडून जे श्लोक मूळ संहितेबाहेर काढले, त्यांत पिढ्यानपिढ्या लोकांच्या तोंडी असलेले कितीतरी होते. हे सारे मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगतो. ज्याचा आवडता श्लोक वगळला गेला, त्याच्या शेजारी गाडीत बसायची वेळ मात्र माझ्यावर यापूर्वी आलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यानेच गाडी काढली. दुसरे दुकान शेतांच्या मधोमध, एका कोठारवजा इमारतीत होते. मालक वयस्कर, मितभाषी. त्याने आधी ७.६२ मिलिमीटरची इशापुरी दाखवली: १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच जुन्या आराखड्यावर, पण नव्या काडतुसासाठी घडवलेली. नवख्याला ती सोयीची, कारण काडतूस सहज मिळते. पण आजोबांच्या आणि तिच्या काळात दोन दशकांचे अंतर. मग त्याने कोपऱ्यातली एक मळकट, तेलकट रायफल काढली. तिच्याबरोबर कसलेही कार्ड नव्हते. पट्टीवर मुकुट, खाली जी.आर.आय., म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, मग इशापूर, मग १९४२.

आता आम्ही ती शांतपणे वाचायला घेतली. भाऊ एकेक भाग दाखवी, मी आकडे वहीत उतरवून घेई. बोल्टघरावरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक एकच होता. बोल्टच्या दांड्यावर मात्र दोन क्रमांक होते: एक रेघ मारून खोडलेला आणि त्याच्याखाली, किंचित वेगळ्या वळणाच्या अंकांत, रायफलीशी जुळणारा. म्हणजे बोल्ट मूळचा नव्हे; पुढे केव्हातरी कारखान्यात दुसऱ्या रायफलीचा बोल्ट इथे बसवून त्याला नवा क्रमांक दिला गेला होता. नळीवरचे लाकडी आवरण उरलेल्या लाकडापेक्षा फिकट, तेही बदललेले. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू. तडकू नये म्हणून असा स्क्रू घालण्याची रीत इशापूरचीच. आणि नळीच्या तोंडाजवळ बारीक अक्षरांत आयातदाराची खूण. अमेरिकेने १९६८ साली परदेशी लष्करांच्या जुन्या बंदुकांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि १९८० च्या दशकात ते सैल केले. त्यानंतर आलेल्या मालावर आयातदाराचे नाव कोरणे बंधनकारक आहे. थोडक्यात, या एका वस्तूवर निदान तीन हात आणि तीन काळ दिसत होते.

संग्राहकांमध्ये अशा दुरुस्त रायफलीला कमी भाव मिळतो. त्यांना सगळे भाग मूळचे आणि सगळे क्रमांक जन्मापासूनचे हवे असतात. मला मात्र त्या खोडलेल्या आकड्यापाशी एकनाथ आठवले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यावर त्या दुरुस्तीचा हात फिरलेला आहे. पण म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. दुरुस्ती होते, कारण ती वस्तू कुणाला तरी वापरायची असते. अडगळीत पडलेल्या पोथीत पाठभेद शिरत नाहीत.

पण पोथीत चूक राहिली तर फार तर अर्थ बिघडतो. इथे माणूस जायबंदी होऊ शकतो. म्हणून पुढची तपासणी मी पूर्णपणे जाणकारावर सोपवली. म्हाताऱ्याने नळी उजेडाकडे धरली. ली-एन्फील्डच्या नळीत पाच चऱ्या असतात आणि त्या डावीकडे वळत जातात. त्या स्पष्ट होत्या. फक्त मागच्या टोकाशी काही काळसर खड्डे दिसत होते. त्या काळच्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नळीत उरत, हवेतला ओलावा ओढून घेत आणि गंज चढे. म्हणूनच शिपायाला गोळीबारानंतर नळीत गरम पाणी ओतण्याची सक्ती असे. मग त्याने एका गोळीचे टोक नळीच्या तोंडात घालून पाहिले. ती जितकी आत जाईल तितके तोंड झिजलेले समजायचे. ती फारशी गेली नाही. शेवटी बोल्ट. परका बोल्ट असल्याने ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची. काडतूस घरात बसल्यावर बोल्टच्या टोकाशी किती मोकळी जागा राहते हे पोलादी मापाने तपासतात. ०.०६४ इंचाच्या मापावर बोल्ट मिटला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या मापावर मिटता कामा नये. पहिल्यावर मिटला. दुसऱ्यावर म्हाताऱ्याने बोटाच्या टोकाने हलकेच दाबून पाहिले. दांडा अर्ध्यावरच अडला. “सुरक्षित आहे,” तो म्हणाला. त्या दुकानात ऐकलेले हे एकमेव विशेषण.

दस्त्याच्या उजव्या बाजूला एक गोल छिद्र लाकडी खुंटी ठोकून बुजवलेले होते. मी विचारले. जुन्या पद्धतीच्या रायफलींवर तिथे पितळी चकती असे, तो म्हणाला. पलटणीचे नाव आणि शिपायाला दिलेल्या हत्याराचा क्रमांक त्या चकतीवर कोरत. इथली काढून टाकलेली आहे.

भाऊ त्या खुंटीकडे पाहत राहिला. अख्ख्या रायफलीवर कारखान्याचे नाव आहे, राजाचे आहे, दुरुस्तीच्या खुणा आहेत, आयातदाराचेही नाव आहे. जिने ती खांद्यावर वाहिली त्या पलटणीची तेवढी जागा बुजलेली. आणि चकती असती तरी तिच्यावर माणसाचे नाव असणार नव्हते. क्रमांकच असणार होता. या नळीतून सुटलेल्या गोळ्या कुणाच्या दिशेने गेल्या, याची नोंद तर कुठल्याच पट्टीवर नसते. तो प्रश्न आम्ही दोघांनीही मोठ्याने विचारला नाही.

पैसे देताना म्हाताऱ्याने जुन्या काडतुसांचे एक पुडके सहज पुढे केले. एकाच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरे होती. किर्की, म्हणजे आपली खडकी. पुण्याला जाता-येता ज्या कारखान्याची भिंत मी शेकडो वेळा लोकलमधून पाहिली, त्याची अक्षरे ओहायोतल्या त्या कोठारात वाचताना अंगावर काटा आला. भावाने ती घेतली नाहीत. नवख्याने एवढी जुनी काडतुसे झाडू नयेत, असे म्हाताराही म्हणाला. त्याने नवीन बनावटीची एक पेटी घेतली. सरकारी अर्ज भरला गेला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि रायफल त्याची झाली. एवढ्या वेळात आपल्याकडे पासबुक भरून मिळत नाही. आपल्या शस्त्र कायद्यानुसार ही जात सामान्य नागरिकाला निषिद्ध, आणि इथे ती दुपारच्या जेवणाआधी घरी. हे सोपेपण मला अखेरपर्यंत पचले नाही, हेही नमूद करतो.

दोन दिवसांनी तो सराव-मैदानावर गेला. मी मागच्या बाकावर, कानांत बोळे आणि वर जाड आवरणे घालून बसलो. पहिला बार झाला आणि आवाज कानांतून न येता छातीतून आल्यासारखा वाटला. त्याने दहा गोळ्या झाडल्या. नेम यथातथाच; उजवा खांदा मात्र दुसऱ्या दिवशी निळा पडला. मैदानावर देखरेख करणारे वृद्ध गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसायला लागले, थांबले, आणि खुणेने मला पलीकडे सरकायला सांगून माझ्या डाव्या बाजूला बसले. मग स्वतःच खुलासा केला: तरुणपणी सैन्यात होतो, तेव्हा कानांत बोळे कोण घालतो? उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे राहतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून जुन्या शिपायांचा बहुधा डावा कान आधी जातो. तुम्ही माझ्या उजवीकडे असलात तर बोलणे ऐकू येईल.

भाऊ रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून मागे आला तेव्हा मी त्याला हे सांगितले. तो हातातली चिंदी तशीच धरून उभा राहिला. “आपण भांडायचो,” एवढेच म्हणाला.

आजोबांच्या कानाला आम्ही म्हातारपण समजत होतो. लग्नात, जत्रेत त्यांच्या डाव्या बाजूने काहीबाही बोलून हसलोही होतो. त्यांच्या युद्धाची एक नोंद त्यांच्या अंगावर कोरलेली होती आणि ती रोज जेवताना आमच्या डोळ्यांसमोर होती. आम्हाला ती वाचता आली नव्हती.

परत आल्यावर जूनमध्ये वर्ग सुरू झाले. मधल्या काळात भावाने रायफलीचे छायाचित्र पाठवले. कपाटात, कुलपात, नळीला तेलाचा हात देऊन ठेवलेली. सोबत त्याने स्वतः लिहिलेले एक कार्ड होते. मराठी लिहायची सवय गेल्यामुळे अक्षर शाळकरी झाले आहे. एका ठिकाणी वेलांटीही चुकली आहे. मी ती दुरुस्त करून पाठवली नाही. कार्डावर लिहिले आहे:

‘इशापूर, १९४२. बोल्ट नंतरचा, लाकूड काही नंतरचे. कोणत्या पलटणीची ते माहीत नाही. कोणी वापरली ते माहीत नाही. आमचे आजोबा अशा जातीची रायफल वापरत. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे.’